मुंग्या समजून झाडून टाकल्या

चार वर्षांपूर्वीचा जून. पहिला दणदणीत पाऊस पडून गेलेला, लाइट गेलेले ते आठच्या सुमारास आले आणि हॉलमधल्या ट्यूबभोवती हे एवढे पंखवाले किडे! आमटीत पडले, केसात अडकले, टीव्हीवर बसले. सासूबाई म्हणाल्या पाखरं आहेत गं पावसाची, ट्यूब बंद कर आणि बाहेर दिव्याखाली परातीत पाणी ठेव, तिकडं जातील. ठेवली परात. सकाळी बघते तर परातीत खच पडलेला आणि घरात खिडकीच्या कट्ट्यावर, सोफ्याखाली, देवघरासमोर नुसते पंखच पंख, किडा एकही नाही. मी म्हणलं पंखाच्या मुंग्या असतील, कुंचा घेतला, सुपलीत भरलं, टाकून दिलं. पुढच्या जूनमध्ये परत तेच. परत झाडलं. मला वाटलं तळमजल्यावर राहायचं, पुढे चार हात बाग, म्हणजे हे असं चालायचंच.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बाथरूमच्या चौकटीला फडकं मारत होते आणि माझा अंगठा चौकटीत गेला. म्हणजे आतच गेला! ऑइलपेंट वरून एकदम चकाचक, एक चीर नाही, पण खाली जमिनीपासून वीतभर अंतरावर जरा दाबलं तर पापड मोडावा तसा पेंट मोडला आणि आत लाकूड नव्हतंच. ओलसर माती होती, थरांथरांची, आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पांढुरके किडे सैरावैरा पळत होते. वाळवी! मी चौकटीला वर ठोकलं तर पोकळ आवाज आला, कान लावला तर आतून बारीक करकर. हे खरंच ऐकू येतं बरं का, शिपाई वाळवी धोका वाटला की डोकं आपटते म्हणतात.

तर ज्यांना मी दोन वर्षं मुंग्या म्हणून झाडून टाकत होते त्या वाळवीच होत्या, लग्नाला निघालेल्या. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की वारुळातून पंखवाले नर-मादी बाहेर पडतात, थोडं उडतात, जोडी जमली की पंख गाळून टाकतात आणि ओली जागा बघून जमिनीत शिरतात. म्हणून पंख सापडतात आणि किडा सापडत नाही. ओळखायला अगदी सोप्पं आहे, मला कोणी सांगितलं असतं तर चौकटीचे पैसे वाचले असते. वाळवीचे चारही पंख एकाच लांबीचे असतात आणि अंगापेक्षा बरेच लांब, मुंगीचे पुढचे दोन मोठे आणि मागचे दोन लहान. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक, वाळवीला कंबरच नाही, सरळ लांबुळकं अंग. आणि मुंगीच्या मिशा कोपरात मोडल्यासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या सरळ, मण्यांची माळ असते ना तशा. डोळे माझ्यासारखे असतील तर मोबाईलवर फोटो काढून झूम करा, दिसतं सगळं. बाहेरून दिव्याला आलेल्या असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण घरातल्याच फटीतून, चौकटीच्या बुडातून निघताना दिसल्या तर समजायचं की घर पोखरायला कधीच सुरुवात झालीय.

मग शोधाशोध. जिन्याखालच्या कपाटात माझे दिवाळी अंक होते, 1998 पासूनचे, खोक्यात घालून भिंतीला टेकवून ठेवलेले. खोकं ओढलं तर ते उचललंच जाईना, बूड भिंतीला आणि फरशीला मातीने चिकटलेलं. भिंतीवर पेन्सिलएवढ्या जाड मातीच्या नळ्या वर चढलेल्या आणि अंकांची मधली पानं गायब, कडा तेवढ्या शिल्लक, जसं काही कोणी आतून चौकोन कापून नेलाय. मी तिथेच बसून रडले, चौकटीसाठी नाही रडले, अंकांसाठी रडले. कारणही तिथंच होतं म्हणा, पलीकडे बाथरूमचा नळ भिंतीत झिरपत होता, भिंत कायम ओलसर, त्यावर पुठ्ठा टेकवलेला, वर अंधार. पंगतच मांडून दिली होती मी त्यांना.

पहिला जो पेस्ट कंट्रोलवाला आला (नाव लिहीत नाही) त्याने वीस मिनिटांत काम उरकलं. पाठीवर पंप, चौकटीवर, नळ्यांवर फवारा, घरभर रॉकेलसारखा वास, हातात तीन वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड. नळ्या वाळल्या, गळून पडल्या, आम्ही खूश. मार्चमध्ये दुसऱ्या चौकटीत निघाली आणि कार्डावरचा नंबर लागेना. आता कळतं की वरवरच्या फवाऱ्याने तेवढ्या दिसणाऱ्या मरतात. बाकीचं गाव जमिनीत कुठेतरी असतं, राणी तिकडे, त्या मग दुसरी वाट काढतात.

दुसरा माणूस मात्र भला निघाला. त्याने आधी काहीच मारलं नाही, टॉर्च घेऊन तासभर घर बघितलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या चौकटी ठोकल्या आणि म्हणाला आधी प्लंबर बोलवा ताई, मग मी. भिंत वाळली की आला. भिंत आणि फरशी जिथे मिळते त्या सांध्यात 12 मिलिमीटरचं ड्रिल घेऊन फूट-फूट अंतरावर तिरकी भोकं पाडली, प्रत्येक भोकात इमिडाक्लोप्रिड, म्हणजे वाळवीचं औषध, पाण्यात मिसळून पिचकारीने भरलं, जमीन प्यायची थांबेपर्यंत, मग भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. चौकटीतही बारीक भोकं पाडून औषध सोडलं. बाहेरून भिंतीलगत चर खणून तिथेही ओतलं. बांधून झालेल्या घराला वाळवीचं काम कसं करायचं याचं चक्क सरकारी मानक आहे, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग, त्यात हे भोकांचं सगळं दिलंय. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवरच विचारा, ड्रिल करून भरणार का नुसतं फवारणार? नुसतं फवारणार म्हणाला की फोन ठेवा.

(एक अवांतर. माझं माहेर सावंतवाडीचं. तिकडे पावसात वारुळावरची अळंबी विकायला येते, गोव्यात रोयणाची अळमी म्हणतात, भाव ऐकून चक्कर येईल अशी. ती अळंबी म्हणजे याच मंडळींची शेती. वारुळाच्या आत चावलेल्या लाकडावर बुरशी वाढवतात आणि ती खातात, तिचीच छत्री पावसात वर येते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तुझी चौकट खाऊन निदान अळंबी तरी यायची होती.)

वाळवीचा धसका बसला की माणसाला सगळीकडे वाळवीच दिसते. नंतर दोन महिन्यांनी बांबूच्या टीपॉयखाली पिवळसर पावडर दिसली तर मी परत त्याच माणसाला फोन. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला वाळवी नाही, भुंगा आहे, लाकूड पोखरणारा. मैद्यासारखी बारीक भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर तो भुंगा, आपल्याकडची जमिनीतून येणारी वाळवी भुकटी खाली पाडत नाही, ती माती भरत जाते. टीपॉय जुनाच होता, देऊन टाकण्यासारखाही राहिला नव्हता. जाळला.

आता लॉन. लॉन म्हणजे काय, पंधरा बाय दहाचा तुकडा, पण त्याच्यावर माझा जीव. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी त्यात पिवळे चट्टे पडायला लागले. मी म्हणलं पाणी कमी पडतंय, भर पावसाळ्यात म्हणलं बरं का. मग पाणी दिलं, मग युरिया टाकला, मग नर्सरीवाल्याने बुरशीचं औषध दिलं ते मारलं. चट्टे वाढतच गेले आणि साळुंक्या रोज सकाळी येऊन चोचीने गवत उचकटायच्या, मला वाटायचं ह्याच नासधूस करतायत म्हणून मी त्यांना हाकलायचे.

गणपतीत नवऱ्याचे मामा आले. मामा वाळवा तालुक्यातले, ऊस आहे त्यांचा (हो, वाळव्याचे मामा आणि घरात वाळवी, हा विनोद आमच्याकडे करून झालाय). चहा पीत पीत ओट्यावरून बघत होते, उठले, खाली गेले आणि चट्ट्याच्या कडेला गवत मुठीत धरून उचललं. सतरंजी गुंडाळावी तसं गवत वर आलं! खाली मुळंच नाहीत. मातीत पांढऱ्या जाड अळ्या, करंगळीएवढ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, डोकं तपकिरी. मामा म्हणाले, "ही हुमणी हाय की. आमच्या उसातली पाहुणी तुझ्या दारात आली बघ." मी युरियाचं सांगितलं तर हसायला लागले, "मुळंच न्हाईत तर युरिया खाणार कशानं ते?"

एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन उकरून मोजल्या, अकरा निघाल्या. आणि साळुंक्या याच तर खात होत्या! मी दोन आठवडे माझ्या फुकटच्या कामगारांना दगड मारून पळवत होते.

हुमणीचं गणित मामांनी समजावलं ते असं. वळवाचा पाऊस पडला की मे-जूनमध्ये जमिनीतून तपकिरी भुंगे निघतात, अंधार पडता पडता कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन पानं खातात, तिथेच त्यांची जोडी जमते आणि मग मादी जमिनीत अंडी घालते. अळी पावसाळाभर मुळं खाते, मोठी होते, कोष करते, आणि पुढच्या वळवाला परत भुंगा. वर्षाला एक पिढी. म्हणजे सप्टेंबरमध्ये औषध घालून फारसा उपयोग नाही, अळी तोवर गलेलठ्ठ झालेली असते. तेव्हा काय करायचं तर उकरायचं, वेचायचं, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचं आणि उरलेल्या पक्ष्यांना सोडायच्या. खरा मारा जूनमध्ये. आमच्या गेटसमोर कडुनिंब आहेच, त्यामुळे गेल्या वर्षी वळीव झाल्यावर चार दिवस आम्ही संध्याकाळी साडेसातला खाली जुनी चादर पसरायचो, नवरा काठीने फांद्या हलवायचा आणि टपटप भुंगे पडायचे, पोरं बादलीत भरायची. सोसायटीतले लोक येऊन विचारायचे काय हरवलंय का. आणि जुलैमध्ये मेटारायझियम आणून शेणखतात मिसळून लॉनवर पसरलं, ती बुरशी असते, हुमणीला लागते, आपल्याला काही करत नाही. ती सावकाश काम करते आणि जमीन ओली लागते, त्यामुळे टाकलं आणि दुसऱ्या दिवशी बघायला गेलं असं करू नका. या वर्षी चट्टा एकच आलाय, तोही कोपऱ्यात.

मामा जाताना जास्वंदीकडेही बघून गेले पण तिथली चूक मी त्याच्या आधीच करून बसले होते. ही सगळ्यात लाजिरवाणी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो हे पुण्यात कोणाला सांगायला नको, शेंड्याला पांढरा कापूस, कळ्या वाकड्या, पानं चिकट. मी पाण्याचा जोरदार फवारा मारून, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं भांड्याचं लिक्विड घालून फवारत होते, बरा फरक होता. तर एक दिवस बघते, त्याच कापसात काही मोठे पिठ्या ढेकूण, लांब लांब पांढऱ्या झालरीवाले, आणि चक्क धावतायत. मला वाटलं ही तर यांची मोठी जात आली. चिमट्याने एक एक वेचून, तीसेक तरी असतील, साबणाच्या पाण्यात बुडवून मारल्या आणि मोठ्या अभिमानाने बागकामाच्या ग्रुपवर फोटो टाकला. एका काकूंचा रिप्लाय आला, अगं त्या लेडीबर्डच्या अळ्या आहेत, पिठ्या ढेकूण खायला आलेल्या.

झालं. ती क्रिप्टोलीमस नावाची ऑस्ट्रेलियातली लेडीबर्ड, 1898 मध्ये भारतात आणली कीड खायला, आणि तिची अळी पिठ्या ढेकणासारखाच पांढरा वेष करून फिरते. फरक एवढाच की पिठ्या ढेकूण जवळजवळ हलत नाही, हलला तरी रेंगाळत, आणि ही अळी बरीच मोठी आणि चपळ. पळतंय ते आपलं, बसलंय ते चोराचं. तेव्हापासून मी पांढरं दिसलं की आधी काडीने डिवचून बघते.

आणि मुंग्या. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की मुंग्यांची पावडर टाकू नका, वर काय आहे ते बघा. पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खायला जातात आणि बदल्यात लेडीबर्डला हाकलून लावतात, राखणदारी करतात. खोडाला खाली रुंद चिकटपट्टी उलटी गुंडाळून त्यावर ग्रीस फासलं की मुंग्या बंद आणि वरचा कारभार आपोआप ढिला पडतो. पपईवाल्यांना आठवत असेल, पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये पहिल्यांदा कोइमतूरला सापडला आणि मग महाराष्ट्रातही बागा पांढऱ्या झाल्या होत्या, लोक औषधं मारून थकले. शेवटी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशीच्या जातीतली माशी आणून सोडली, ती पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडी घालते, आणि तिने तो आवरला. एवढीशी माशी! मी तिच्या नावाने एक पपई लावलीय.

किचनचं थोडक्यात सांगते कारण झुरळांवर सगळेच लिहितात. पण त्यातही दोन वेगळे लोक आहेत. मोठं, तांबडं, उडणारं झुरळ गटारातून येतं, त्याला जेल लावून काय फायदा, मोरीला बारीक जाळी लावा, रात्री झाकण टाका. आणि बारीक, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं, ते घरातच राहतं, फ्रिजच्या मोटरमागे, मिक्सरच्या बुडात, ओट्याच्या बिजागरीत. त्याची मादी अंड्यांची डबी अंड्यांतून पिल्लं निघायच्या बेतापर्यंत शेपटीला लावून फिरते, एकेका डबीत तीस-चाळीस पिल्लं, म्हणून ते भराभर वाढतं. त्याला जेलच. तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके, अंधाऱ्या कोपऱ्यात, जास्त ठिकाणी आणि थोडं थोडं. आणि जेल लावल्यावर त्याच्यावर स्प्रे मारू नका, ते खायलाच येणार नाहीत. आमच्याकडे मी जेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी मावशींनी कौतुकाने सगळं फिनाईलने पुसून काढलं, चारशे रुपये गेले.

शंखी गोगलगायी, त्या मुठीएवढ्या तपकिरी. या आफ्रिकेतल्या, 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडल्या आणि आता माझी अळूची पानं खातायत. ओलं पोतं रात्री पसरून ठेवायचं, त्याखाली पपईची पानं, सकाळी गोळा झालेल्या मिठाच्या पाण्यात. हातमोजे घालूनच, त्यांच्या अंगात एक जंत असतो तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गोगलगायींच्या निळ्या-हिरव्या गोळ्या मिळतात त्या मात्र घरात कुत्रं असेल तर अजिबात आणू नका, कुत्री आवडीने खातात आणि मरतात.

आणि चिचुंद्री. लांब सोंडेसारखं नाक, चूं चूं आवाज, उग्र वास. तिला उंदीर समजून मारू नका, ती उंदरांच्या खानदानातली नाहीच, झुरळं आणि किडे खाते. आमच्या शेजाऱ्यांनी गोंदाचा पुठ्ठा लावला त्यात हीच अडकली, रात्रभर ओरडत होती, मला अजून तो आवाज आठवतो. उंदरांसाठी टूथपेस्टसारखं ट्यूबमधलं पिवळ्या फॉस्फरसचं औषध मिळतं ते तर घरात आणूच नका, लहान मुलाच्या पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. पिंजरा लावा, त्यात भज्याचा तुकडा, भोकं सिमेंट आणि काचेने बुजवा.

कुठलंही औषध घेताना बाटलीवरचा तिरका चौकोन बघायचा, खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याला मी घरात हात लावत नाही. आणि औषध कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, कधीही म्हणजे कधीही नाही.

या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी परत खिडकीत पंख. मी ऑफिसची तयारी करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी पोथी वाचायचं भिंग आणलं, कट्ट्यावर वाकल्या आणि जाहीर केलं, "चारी सारखेच आहेत गं." टॉर्च घेऊन सगळ्या चौकटी ठोकल्या, भरीव आवाज. जिन्याखाली कोरडं. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर मात्र, तोडलेल्या आंब्याच्या बुंध्याजवळ, एक नळी सापडली, ताजी का जुनी कळेना. अशावेळी नळीचा मधला बोटभर तुकडा मोडायचा आणि सोडून द्यायचं, परत बुजवला तर आत वस्ती आहे. मोडला.

चौथ्या दिवशी बुजवलेला होता, ओली माती. भल्या माणसाला फोन केलाय, रविवारी येतो म्हणालाय.